खटल्याबाहेरचा ड्रेफस

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात फ्रान्समध्ये एक आटोपशीर कायदा झाला. नव्वद वर्षांपूर्वी वारलेल्या एका तोफखाना-अधिकाऱ्याला त्या कायद्याने ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा मरणोत्तर बहाल केला. त्या अधिकाऱ्याचे नाव आल्फ्रेड ड्रेफस. (मराठीत हे नाव ड्रायफस, ड्रेफस, द्रेफ्यूस अशा तिन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. फ्रेंचांच्या तोंडी तिसरे येते. आम्ही आपले मधले पत्करले आहे.) नाव वाचकांना नवे नाही. एमिल झोलाने १८९८ साली लिहिलेले ते प्रसिद्ध खुले पत्र, खोटे कागद, सैतानाचे बेट, दोन तट पडलेला फ्रान्स, इतके सगळे आपल्याला ऐकून माहीत असते. पण हा ड्रेफस कोण होता, खटल्यातून सुटल्यावर त्याने काय केले आणि तो कधी मेला, असे विचारले तर चांगले वाचलेली माणसेही अडखळतात. कित्येकांची तर अशी समजूत असते की तो त्या बेटावरच संपला.

वस्तुतः तो ७५ वर्षे जगला. त्यातील १२ वर्षे प्रकरणाने खाल्ली. उरलेल्या आयुष्यात तो दोनच गोष्टींसाठी जगला, एक सैन्य आणि दुसरे घर. आणि ज्या सैन्याने त्याची भर चौकात विटंबना केली त्याच सैन्याचा गणवेश चढवून तो वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी महायुद्धाच्या आघाडीवर गेला. चरित्रकारांनी हा भाग परिशिष्टासारखा उरकावा आणि वाचकांनी तो गाळून पुढे जावे, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे. आमच्या समजुतीप्रमाणे ड्रेफस कळायचा असेल तर तो खटल्यापेक्षा या भागातून अधिक कळतो.

ड्रेफसचा जन्म ९ ऑक्टोबर १८५९ चा, आल्सास प्रांतातील म्युलूझ या गिरण्यांच्या गावचा. आजोबा खेडोपाडी फिरून किरकोळ व्यापार करणारे ज्यू. वडील राफाएल यांनी म्युलूझला येऊन स्वतःची कापडगिरणी उभारली. फ्रान्समधील ज्यूंना नागरिकत्वाचे पूर्ण हक्क १७९१ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत मिळाले होते. तेव्हा हे घराणे ज्या प्रजासत्ताकाला आपले म्हणत होते त्याचे ऋण त्याला फार जवळून आठवत होते. आल्फ्रेड सर्वांत धाकटा. तो ११ वर्षांचा होत असताना १८७० चे युद्ध झाले, प्रशियाच्या फौजा गावात शिरल्या आणि पुढल्या वर्षी तहाने आल्सास जर्मनीकडे गेला. रहिवाशांना निवड करायची होती: जर्मन प्रजा व्हावे किंवा फ्रेंच राहून प्रांत सोडावा. १८७२ साली ड्रेफस कुटुंबाने फ्रान्स निवडला. गिरणी सांभाळण्यासाठी थोरला भाऊ तेवढा मागे राहिला. घर तुटले, आणि पोराने मनाशी ठरवले की आपण सैनिक व्हायचे. गेलेला प्रांत परत मिळवण्याचे स्वप्न पाहणाऱ्या त्या पिढीत असे निश्चय घरोघर झाले असतील. पण कापडाच्या धंद्यात बरकत असलेल्या घरातील मुलाने तोफखान्यात जाणे ही सोयीची वाट खासच नव्हती.

१८७८ साली तो एकोल पोलितेक्निक या नामांकित संस्थेत दाखल झाला, पुढे तोफखान्याची विद्या शिकला, १८८९ साली कॅप्टन झाला. १८९० च्या एप्रिलमध्ये त्याचे लुसी हादामार हिच्याशी लग्न झाले. ती २० वर्षांची होती आणि पॅरिसमधील एका हिऱ्यांच्या व्यापाऱ्याची मुलगी होती. गणितज्ञ झाक हादामार हा तिचा दूरचा भाऊ. १८९१ मध्ये मुलगा पिएर आणि १८९३ मध्ये मुलगी झान जन्मली. याच काळात युद्धविद्येच्या उच्च विद्यालयात एका सेनापतीने, मुख्यालयात ज्यू नकोत एवढ्याच कारणासाठी, त्याचे गुण खाली ओढले. तरीही तो वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला आणि १८९३ च्या आरंभी सैन्याच्या मुख्यालयात उमेदवारीसाठी रुजू झाला. हौस, पैसा, सुशील बायको, दोन लेकरे, हुद्दा. तिशी ओलांडलेल्या माणसाने आणखी काय मागावे?

पुढची हकीकत आम्ही थोडक्यात सांगतो, कारण तीच सर्वांस ठाऊक असते. जर्मन दूतावासाच्या कचऱ्यात लष्करी गुपितांची एक यादीवजा चिठ्ठी सापडली. हस्ताक्षर थोडेफार जुळते म्हणून १५ ऑक्टोबर १८९४ रोजी ड्रेफसला अटक झाली. डिसेंबरात चार दिवस बंद दाराआड लष्करी न्यायालय चालले, न्यायाधीशांना आरोपीच्या वकिलाच्या अपरोक्ष एक गुप्त पुडके दाखवण्यात आले, जन्मठेप झाली. ५ जानेवारी १८९५ रोजी सैनिकी विद्यालयाच्या मोठ्या चौकात, कवायतीला उभ्या असलेल्या तुकड्यांसमोर, त्याची पदचिन्हे ओरबाडून काढण्यात आली आणि तलवार मोडण्यात आली. काम झटपट व्हावे म्हणून गणवेशाची शिवण आधीच सैल करून आणि तलवार कानशीने घासून ठेवली होती. अपमानाचीही रंगीत तालीम होते ती अशी. तो मात्र त्या चौकात ताठ मानेने ओरडत राहिला की मी निर्दोष आहे. हे पाहायला आलेल्या पत्रकारांत थिओडोर हर्झल होता, जो पुढे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राचा पुरस्कर्ता झाला. ड्रेफसचा निष्कर्ष आयुष्यभर नेमका उलटा राहिला. त्याच्या लेखी त्याला एकच देश होता, आणि त्या देशाची चूक त्या देशानेच दुरुस्त करायची होती.

काळ्या पाण्याची शिक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अंदमान उभे राहते; फ्रेंचांचे काळे पाणी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, गयानाजवळ होते. तेथील सैतानाचे बेट पूर्वी कुष्ठरोग्यांसाठी वापरात होते. १८९५ च्या एप्रिलपासून १८९९ च्या जूनपर्यंत त्या बेटावर हा एकटाच कैदी. पहारेकऱ्यांना त्याच्याशी बोलण्याची मनाई होती. चार वर्षे मनुष्याच्या शब्दाविना काढल्यावर त्याची वाचा इतकी अवघडली होती की परत आल्यावर त्याला नीट वाक्य बोलणे जड जाई. त्याच्या वह्या आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांत गणिते आहेत, वाचलेल्या पुस्तकांवरची टिपणे आहेत, शेक्सपिअर आहे आणि पानोपानी पुनःपुन्हा काढलेली एकाच वळणाची नक्षी आहे. आपले डोके ठिकाणावर ठेवण्याचा तो एक उद्योग असावा.

त्याला खरे जिवंत ठेवले ते लुसीच्या पत्रांनी. अटक झाल्यावर त्याच्या मनात जीव देण्याचे विचार आले होते. मुलांच्या नावावरचा डाग तुम्हीच जिवंत राहून पुसला पाहिजे, असा तिचा आग्रह होता आणि त्याने तो आज्ञेसारखा पाळला. कायद्याने अशा कैद्याच्या पत्नीस त्याच्याजवळ जाऊन राहण्याची मुभा होती. तिने पुनःपुन्हा अर्ज केले. ते फेटाळले गेले. पत्रे महिनोन्महिने रखडत, सरकारी नजरेखालून जात, आणि पुढे पुढे तर तिच्या हस्ताक्षरातील मूळ कागद त्याला मिळेनासे झाले. शाईत काही गुप्त खूण असेल या संशयाने कारकुनाने उतरवून काढलेल्या प्रती तेवढ्या हाती पडत. नवऱ्याला बायकोचे पत्र परक्याच्या अक्षरात वाचावे लागावे, यातला क्रूरपणा बेडीपेक्षा कमी होता असे आम्हांस वाटत नाही. घरी मुलांना सांगण्यात आले होते की बाबा लांबच्या प्रवासाला गेले आहेत.

बेडीचीही एक कथा आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. लोक ड्रेफसला विसरू लागले म्हणून त्याचा भाऊ माथ्यू याने १८९६ च्या सप्टेंबरात एका इंग्रजी वृत्तपत्रातून कैदी पळाल्याची खोटी बातमी पसरवली. हेतू एवढाच की चर्चा पुन्हा सुरू व्हावी. चर्चा झाली. पण घाबरलेल्या वसाहतमंत्र्याने बेटावर हुकूम धाडला आणि सुमारे दीड महिना प्रत्येक रात्री कैद्याचे पाय खाटेला लोखंडाने जखडले गेले. झोपडीभोवती उंच लाकडी कुंपण उभे राहिले आणि समुद्रही दिसेनासा झाला. आपल्याला ही शिक्षा कशाबद्दल, हे त्याला कोणी सांगितले नाही. माथ्यूने या भावासाठी धंदा सोडला, पैसा ओतला, पाच वर्षे दारोदार वणवण केली. त्याच माणसाच्या एका युक्तीने भावाच्या पायांत लोखंड पडावे, याला काय म्हणावे?

इकडे खरा गुन्हेगार एस्टरहाझी हा हुडकून काढला गेला, त्याला ११ जानेवारी १८९८ रोजी लष्करी न्यायालयाने निर्दोष सोडले, दोनच दिवसांनी झोलाचे पत्र आले आणि फ्रान्स पेटला. ज्याच्यामुळे तो पेटला त्याला त्याची गंधवार्ता नव्हती. १८९९ च्या जुलैत रेन शहराच्या तुरुंगात वकिलांनी समोर कागदांचा ढीग ठेवला तेव्हा त्याला कळले की आपल्या नावाने एक युग उभे राहिले आहे. रेनच्या न्यायालयात लोकांना एखादा हुतात्मा पाहायचा होता. समोर आला तो वाळलेला, अकाली पांढरा झालेला, एकसुरी आवाजात मुद्देसूद उत्तरे देणारा अधिकारी. पाठीराखे हिरमुसले. नायकाला वक्तृत्व असलेच पाहिजे ही अपेक्षा काही आपल्याकडचीच नव्हे. न्यायालयाने त्याला पाच विरुद्ध दोन मतांनी पुन्हा दोषी ठरवले, पण 'सौम्य परिस्थिती'चा आधार देऊन शिक्षा दहा वर्षांवर आणली. देशद्रोहाला सौम्य परिस्थिती कोणती असू शकते, हे त्या न्यायाधीशांनाच ठाऊक. १९ सप्टेंबर १८९९ रोजी राष्ट्राध्यक्षांची माफी आली आणि त्याने ती स्वीकारली.

या स्वीकाराबद्दल त्याच्या कैवाऱ्यांपैकी काहींनी त्याला कधीच क्षमा केली नाही. निर्दोष माणूस माफी घेतो कशी, असा त्यांचा सवाल. तत्त्वाने पाहिले तर तो बिनतोड आहे. पण तत्त्व सांगणाऱ्यांना रात्री घरी जाऊन जेवायचे होते. ड्रेफस दक्षिणेत कार्पांत्रा येथे बहिणीच्या घरी गेला आणि तिथे पाच वर्षांनंतर त्याची मुले त्याला भेटली. पिएर ८ वर्षांचा झाला होता, झान ६ वर्षांची. आपण निर्दोषत्वाचा लढा सोडलेला नाही, हे त्याने सुटतानाच जाहीर केले होते आणि पुढची सात वर्षे तो त्याच कामात होता. आधी घर, मग लढा हा क्रम त्याने लावला. आम्हांस त्यात काही गैर दिसत नाही.

१२ जुलै १९०६ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने रेनचा निकाल रद्द केला. दुसऱ्या दिवशी संसदेने त्याला सैन्यात परत घेतले आणि मेजरचा हुद्दा दिला. त्याच महिन्यात त्याला लेजियों दॉनरचे पदक प्रदान झाले, तेही त्याच सैनिकी विद्यालयात. मात्र विटंबना झाली तो मोठा चौक टाळून, त्याच्याच विनंतीवरून, आतल्या लहान चौकात. बहुतेक पुस्तके येथे पडदा टाकतात. आमच्या मते खरी बोच येथून पुढे सुरू होते.

हिशेब असा. ड्रेफस १८८९ पासून कॅप्टन होता. अटक झाली नसती तर १९०६ पर्यंत तो कितीतरी वर चढला असता. पण नव्या कायद्याने मेजरची ज्येष्ठता त्या दिवसापासूनच धरली. बेटावरची आणि त्यानंतरची वर्षे हुद्द्याच्या हिशेबात आलीच नाहीत. त्याच दिवशी त्याच्यासाठी झगडलेल्या कर्नल पिकारला ब्रिगेडियर जनरल करण्यात आले आणि त्याची ज्येष्ठता मात्र १९०३ पासून मोजली गेली. एकाच अन्यायाचे दोन बळी आणि त्यांना दोन वेगळे कोष्टक! मागून आलेले अधिकारी आता ड्रेफसच्या पुढे होते आणि सेनापतिपदाची वाट कायमची बंद झाली होती. त्याने दाद मागितली. ऑक्टोबर १९०६ पासून युद्धमंत्री होता तो खुद्द पिकार. त्याने नकार दिला. १९०७ साली, वयाच्या ४८ व्या वर्षाच्या आसपास, ड्रेफस निवृत्त झाला. अब्रू परत मिळाली, वर्षे मिळाली नाहीत. २०२५ च्या कायद्याने जे भरून काढू पाहिले ते हेच खाते. खातेदार जिवंत असताना ते कोणी उघडले नाही.

पुढच्याच वर्षी, ४ जून १९०८ रोजी, झोलाच्या अस्थी पॅरिसच्या पांथेऑनमध्ये हलवण्याच्या समारंभात ग्रेगोरी नावाच्या एका पत्रकाराने ड्रेफसवर दोन गोळ्या झाडल्या. दंडाला जखम झाली, जीव वाचला. मारेकऱ्यावर खटला चालला आणि पंचांनी त्याला निर्दोष सोडले. म्हणजे हजारो मैलांवरच्या बेटावर नव्हे, तर राजधानीच्या भर समारंभात, राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत, ड्रेफसवर गोळी झाडणे हा गुन्हा नाही असे १९०८ सालच्या पंचांस वाटले. माणसाने अशा देशाकडे पाठ फिरवली असती तर कोणी बोल लावला नसता.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ड्रेफस ५४ वर्षांचा होता, तब्येत बेटावरच्या तापांनी पोखरलेली होती. तो लगेच रुजू झाला. पहिली अडीच वर्षे त्याला पॅरिसच्या तटबंदी-क्षेत्रात तोफखान्याच्या कचेरीत काम होते. फेब्रुवारी १९१७ मध्ये तो आघाडीवर गेला. १६८ व्या डिव्हिजनच्या तोफखान्याच्या तळावर त्याची नेमणूक झाली. या तळाचे काम म्हणजे तोफा, गाड्या, दुरुस्ती आणि मुख्य म्हणजे दारूगोळा वेळेवर पुढे पोचवणे. शौर्यगीते अशा कामावर रचली जात नाहीत. पण १९१७ चे युद्ध तोफखान्याचे युद्ध होते, आणि गोळे पोचले नाहीत तर पुढचे पायदळ उघड्यावर कापले जाई. १६ एप्रिलला सेनापती निव्हेलची शमें-दे-दाम येथील चढाई सुरू झाली. जर्मनांची फळी काही दिवसांत फोडू असे आश्वासन देऊन ती आखली होती. ती फसली, माणसे हजारोंनी पडली आणि पुढच्या आठवड्यांत फ्रेंच पलटणींमध्ये अवज्ञेची लाट उसळली. ड्रेफस त्या आघाडीवर होता, पुढे व्हर्दंलाही होता. सप्टेंबर १९१८ मध्ये तो लेफ्टनंट कर्नल झाला आणि १९१९ मध्ये लेजियों दॉनरच्या वरच्या श्रेणीत गेला. हा हुद्दा त्याला कुठल्या न्यायालयाने दिला नव्हता, कुठल्या खास कायद्यानेही नव्हे. तो त्याने इतर अधिकाऱ्यांप्रमाणे नोकरी करून मिळवला होता.

घरातले बाकीचे काय करीत होते? मुलगा पिएर तोफखान्याचा अधिकारी म्हणून युद्धभर आघाडीवर राहिला आणि शौर्यपदक घेऊन परतला. लुसी परिचारिका म्हणून काम करीत होती. भावाला सोडवण्यात आयुष्य वेचलेल्या माथ्यूचा जावई आदोल्फ रैनाक हा तरुण पुराणवस्तुतज्ञ ऑगस्ट १९१४ मध्येच पडला, आणि एकुलता मुलगा एमिल १९१५ मध्ये. गणितज्ञ हादामारचे दोन मुलगे १९१६ साली व्हर्दंला गेले. वीस वर्षांपूर्वी ज्या कुटुंबाच्या निष्ठेवर वृत्तपत्रांनी रकाने भरून थुंकून घेतले होते, त्याने दिलेला हा जबाब होता असे म्हणण्याचा मोह होतो. पण आम्ही तो आवरतो. ही माणसे कोणाला जबाब देण्यासाठी मेली नव्हती. शेजारच्या घरांतली पोरे गेली तशीच ही गेली.

दुसऱ्या बाजूचीही नोंद प्रामाणिकपणे करायला हवी. ड्रेफसला अटक करणारा, त्याच्याकडून हस्ताक्षर लिहवून घेणारा द्यू पाती द क्लाम हाही या युद्धात म्हातारपणी परत रुजू झाला, जखमी झाला आणि १९१६ मध्ये त्या जखमांनी मेला. शूर माणूस होता यात शंका नाही. शूर माणसे नीच कर्मे करू शकतात, एवढेच त्यावरून दिसते. एस्टरहाझी तर इंग्लंडात नाव बदलून राहिला आणि १९२३ साली अंथरुणात वारला. त्या चिठ्ठीसाठी त्याला एका दिवसाचीही शिक्षा झाली नाही.

युद्धानंतरचा ड्रेफस हा नातवंडांत रमणारा, टपालाची तिकिटे जमवणारा, पत्ते खेळणारा पॅरिसमधील एक निवृत्त गृहस्थ होता. आपल्या प्रकरणाविषयी बोलणे त्याला आवडत नसे. लोकांना हेही खटके. लेऑं ब्लूम, जो पुढे फ्रान्सचा पंतप्रधान झाला, त्याने १९३५ मध्ये लिहिलेल्या आठवणींत अशी शंका नोंदवली आहे की ड्रेफस जर स्वतः ड्रेफस नसता तर तो ड्रेफसच्या बाजूने उभा राहिला असता की नाही कोण जाणे. वाक्य चमकदार आहे आणि म्हणूनच ते शंभरदा उगाळले गेले. आम्हांस ते अन्यायाचे वाटते. ज्याने बेटावरून चार वर्षे न थकता सरकारला, सेनाधिकाऱ्यांना, राष्ट्राध्यक्षांना चौकशीची मागणी करणारे अर्ज पाठवले, तो आपल्या खटल्यातला मुका प्रेक्षक नव्हता. व्हँसां द्युक्लेर या इतिहासकाराने २००६ साली त्याचे विस्तृत चरित्र लिहून हेच मांडले, आणि त्याआधी १९९१ मध्ये मायकेल बर्न्स या अमेरिकन अभ्यासकाने सबंध घराण्याचा इतिहास लिहून खटल्याच्या धुरळ्यातून घर बाहेर काढले. ड्रेफस अबोल होता हे खरे. अबोल माणसाला विचार नसतात, हे मात्र बोलक्या माणसांचे मत असते.

१२ जुलै १९३५ रोजी, निर्दोष ठरल्यापासून बरोबर २९ वर्षांनी, तो पॅरिसमध्ये वारला. अंत्ययात्रा १४ जुलैस, राष्ट्रीय सणाच्या दिवशी निघाली आणि प्लास द ला कोंकोर्द येथे संचलनासाठी जमलेल्या सैन्याच्या रांगांमधून पुढे गेली. त्याच दिवशी शहराच्या एका भागात डाव्यांच्या एकजुटीचा प्रचंड मेळावा होता आणि दुसऱ्या भागात उजव्या संघटनांचे माजी सैनिक कूच करीत होते. चाळीस वर्षांपूर्वीचे दोन तट नव्या नावांनी रस्त्यावर उभे होते.

त्यांतल्या एका तटाच्या हाती पाचच वर्षांनी सत्ता आली. १९१७ च्या मे महिन्यापासून ज्याच्या हाताखाली ड्रेफसने युद्ध केले तो सरसेनापती पेताँ आता विशीच्या सरकारचा प्रमुख होता. ३ ऑक्टोबर १९४० च्या ज्यूविषयक कायद्याने ज्यूंना सैन्यात अधिकारी होण्यास बंदी घातली. पहिल्या महायुद्धात लढलेल्यांना काही कनिष्ठ सरकारी जागांपुरती सवलत ठेवली होती. अधिकाऱ्याच्या जागेसाठी तीही नाही. ड्रेफस जिवंत असता तर त्याचा गणवेश दुसऱ्यांदा उतरवला गेला असता, आणि या वेळी खोट्या चिठ्ठीचीही गरज पडली नसती. १९४४ मध्ये विशी सरकारच्या ज्यूविषयक खात्याचा प्रमुख म्हणून जो नेमला गेला तो द्यू पाती द क्लामचा मुलगा होता. इतिहासात असे योग आले की लेखकाला कादंबरीकार झाल्याचा भास होतो. पण ही नेमणूक सरकारी दप्तरात आहे.

सत्तरी ओलांडलेली लुसी १९४० च्या पळापळीत पॅरिस सोडून दक्षिणेकडे निघाली. एका गावाहून दुसऱ्या गावी जात अखेर व्हालांस येथे खोट्या नावाने जोगिणींच्या आश्रयास राहिली. ज्या नावावरचा डाग पुसण्यासाठी तिने तारुण्य घालवले ते नाव तिला म्हातारपणी लपवावे लागले. पिएर १९४२ मध्ये अमेरिकेस गेला. वडिलांच्या आठवणी आणि पत्रे त्याने १९३६ मध्येच छापून ठेवली होती. झानची मुलगी मादलेन लेव्ही, जन्म १९१८, ही तुलूझमध्ये समाजसेविका होती आणि 'कोंबा' या भूमिगत प्रतिकार-संघटनेसाठी काम करीत होती. १९४३ च्या नोव्हेंबरात ती पकडली गेली. पॅरिसजवळच्या द्रांसी छावणीतून २० नोव्हेंबरला निघालेल्या गाडीने तिला आउश्विट्झला नेण्यात आले. १९४४ च्या जानेवारीत ती तिथे टायफसने मेली. वय २५.

लुसी मुक्तीनंतर पॅरिसला परतली आणि १४ डिसेंबर १९४५ रोजी वारली. त्याच वर्षीच्या जानेवारीत लिओंच्या न्यायालयात शार्ल मोरास या लेखकाला शत्रूशी संधान बांधल्याबद्दल शिक्षा झाली, तेव्हा तो ओरडला होता की हा ड्रेफसने घेतलेला सूड आहे. ज्याचा तो सूड म्हणत होता त्या माणसाने आयुष्यात कोणावर सूड उगवल्याची एकही नोंद आम्हांस आढळलेली नाही. पिएर १९४६ च्या डिसेंबरात आयर्लंडमध्ये विमान कोसळून मरण पावला.

सैन्याने मात्र आपला वेळ घेतला. १९८५ मध्ये सरकारने तीम या चित्रकाराकडून ड्रेफसचा पुतळा करवून घेतला, मोडक्या तलवारीने सलामी देणारा अधिकारी. तो सैनिकी विद्यालयाच्या चौकात उभारायचा होता; सैन्याने नकार दिला. पुतळा १९८८ मध्ये त्विलरी बागेत बसला आणि १९९४ मध्ये रास्पाय रस्त्यालगतच्या एका लहान चौकात गेला. त्याच वर्षी सैन्याच्या इतिहास विभागाच्या प्रमुखाला पद सोडावे लागले, कारण विभागाने छापलेल्या लेखात ड्रेफसचे निर्दोषत्व हे इतिहासकारांना सर्वसाधारणपणे मान्य असलेले एक मत आहे, असा उल्लेख होता. म्हणजे न्यायालयाच्या निकालाला ८८ वर्षे होऊनही ते मतच होते. २००६ मध्ये निकालाच्या शताब्दीस अखेर त्याच मोठ्या चौकात राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी त्याला मानवंदना दिली.

मोंपार्नास स्मशानभूमीत ड्रेफसची कबर आहे. दगड साधा आहे. त्यावर खटल्याचा उल्लेख नाही. लेफ्टनंट कर्नल आल्फ्रेड ड्रेफस, असे लिहिले आहे. म्हणजे महायुद्धात मिळवलेला हुद्दा. त्याच दगडावर नात मादलेनचेही नाव कोरलेले आहे. तिचा देह परत आला नाही.